चांगल्या घरातला मुलगा

फोनवर घर मागण्यासाठी मी त्या काळात एक वेगळा आवाज पाळला होता. माझा मूळ आवाज कोथरूडचा, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यातली चूक दाखवायला आतुर असलेला. हा दुसरा आवाज नाकातून निघायचा, 'टुडे'चं 'टुडाय' करायचा आणि दर दोन वाक्यांमागे एकदा 'मेट', म्हणजे 'दोस्ता', म्हणायचा. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर एका बैठ्या घराच्या परसात आम्ही ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहायचो. नाव भारदस्त, पण होती एक खोली आणि तिच्या कोपऱ्यात कोंबलेलं स्वयंपाकघर. फोडणीत मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागायचा. मग एकाने पोहे परतायचे आणि दुसऱ्याने खुर्चीवर चढून अलार्मखाली टॉवेल फडफडवायचा. दुसरा म्हणजे प्रसाद, साताऱ्याचा, माझ्यासारखाच मास्टर्स करायला आलेला, जगातल्या कुठल्याही संकटावर मुगाची खिचडी हा उपाय सुचवणारा. मी परसातल्या कपडे वाळत घालायच्या फिरत्या दांड्यांखाली उभा राहून एजंटांशी त्या दुसऱ्या आवाजात बोलायला लागलो की तो खिडकीतून ओरडायचा, "श्री, घसा बसला असेल तर मिठाच्या गुळण्या कर!"

घर शोधायला लागलं कारण मालकाचे आईवडील बडोद्याहून कायमचे यायचे होते आणि महिन्याभरात आमची खोली त्यांना हवी होती. मी जाहिराती बघायचो, फोन करायचो आणि माझं नाव शेन आहे असं सांगायचो. श्रीरंगचा शेन करण्यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही. उलट आपण किती चटकन या देशात मिसळलो याचं मनातल्या मनात कौतुकच वाटायचं. शेनचं सुरुवातीला छान चालायचं. एजंट हसायचा, क्रिकेटचं बोलायचा, घर रिकामं आहे म्हणायचा. मग तो विचारायचा, "आडनाव काय, मेट?" मी देशपांडेचं एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून सांगू लागलो की चौथ्या-पाचव्या अक्षराला पलीकडे कागद चाळल्याचा आवाज यायचा. "ओह, हे तर सकाळीच गेलेलं दिसतंय. सॉरी मेट." दर वेळी सकाळीच. पहिल्यांदा मला वाटलं, सिडनीत घरांना फार मागणी आहे. पाचव्यांदा वाटलं, आपण फोन उशिरा करतोय. आडनावामुळे कुणी नाही म्हणू शकतं ही शक्यता माझ्या डोक्यात यायला नऊ फोन लागले, आणि मी स्वतःला हुशार समजत होतो.

आठवड्यातले तीन दिवस मी सेव्हन हिल्सला बाथरूमच्या टाइल्सच्या गोडाउनमध्ये काम करायचो. तिथे फोर्कलिफ्ट चालवायचा ग्लेन. चाळिशीचा, उन्हाने भाजून लालबुंद झालेला, पुढचे दोन दात नसलेला, हातावर कुत्र्याचं चित्र गोंदवलेला. दहावीत शाळा सोडलेली, आजीने वाढवलेलं. मला त्याने पहिल्याच दिवशी आपल्या पंखाखाली घेतलं, कारण माझ्या डब्यातला चिवडा त्याला आवडला. त्याला तो 'पोपटाचं खाणं' म्हणायचा आणि मूठमूठ खायचा. कामानंतर आम्ही बरोबर निघायचो. वाटेतल्या सुपरमार्केटमध्ये ग्लेन पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन आत जायचा आणि तशीच घेऊन बाहेर पडायचा. माझ्या खांद्याला वह्यांची झोळी असायची, आणि दारावरची बाई मला थांबवून म्हणायची, "बॅग बघू का? रँडम चेक आहे." एका महिन्यात मी चार वेळा रँडम निघालो. ट्रेनमध्ये तो समोरच्या सीटवर बूट टेकवून झोपलेला असायचा, बहुतेकदा विनातिकीट. तिकीट तपासणारा त्याच्या बुटावर टिचकी मारून म्हणायचा, "पाय खाली, मेट," आणि माझ्याकडे वळून माझं तिकीट, सवलतीचं कार्ड, युनीचं, म्हणजे विद्यापीठाचं, ओळखपत्र असं तिन्ही बघायचा. ग्लेन डोळे न उघडता म्हणायचा, "तुझा चेहराच तसा आहे, श्री." त्याला श्री म्हणता यायचं. शेन हे नाव मी ज्यांच्यासाठी घेतलं होतं ते सगळे फोनच्या पलीकडे होते.

दहाव्या घरालाही नकार आला तेव्हा आम्ही गोडाउनच्या मागे जेवत बसलो होतो. टूनगॅबीतच, दोन गल्ल्या पलीकडे, तीन खोल्यांचं घर. मी फोन ठेवला आणि ग्लेनला म्हणालो, "गेलं म्हणे."

"नंबर दे," ग्लेन म्हणाला. एका हातात मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, दुसऱ्या हातात माझा फोन. "ग्लेन बोलतोय. ते टूनगॅबीचं घर आहे का अजून?" एवढंच. प्लीज नाही, नमस्कार नाही, तोंडात घास. पलीकडचा आवाज मला नीट ऐकू येत होता, पाच मिनिटांपूर्वी माझ्याशी बोललेलाच. "आहे ना! शनिवारी दहाला ये. वरच्या बाजूने ये हां मेट, खालचा रस्ता खोदलाय."

"त्याने तुझं आडनाव विचारलं नाही," मी म्हणालो.

"कशाला विचारेल?" ग्लेन म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

शनिवारी मी साडेनऊलाच जाऊन फाटकाशी उभा राहिलो. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. फाइलमध्ये मार्कशीट, युनीचं पत्र, गोडाउनच्या मॅनेजरचं पत्र, आणि आईने हौसेने मागवून पाठवलेलं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्रसुद्धा, की हा मुलगा लहानपणापासून शांत स्वभावाचा आहे. एजंटचं नाव ब्रेंट. तो गाडीतून उतरला, माझ्याकडे बघून घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "कार्पेट क्लीनिंग ना? तुला अकराला सांगितलं होतं." मी काहीतरी पुटपुटलो. खरं सांगायचं तर मी 'सॉरी' म्हणालो. दहा वाजून गेल्यावर ग्लेन आला, रबरी चपला, भोक पडलेला बनियन, गाडीच्या मागे भुंकणारा कुत्रा. ब्रेंटने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला, त्याला ओटा दाखवला, गिझर दाखवला, शेजारी कसे शांत आहेत ते सांगितलं. मी मागून फाइल धरून फिरत होतो. शेवटी ग्लेन म्हणाला, "मला काय सांगतोस? घर याला हवंय. मी नुसता सोबत आलोय." मी लगेच फाइल ब्रेंटसमोर ओट्यावर ठेवली. ग्लेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "चांगली पोरं आहेत, मेट. नो ड्रामा." आणि घर आम्हाला मिळालं. ब्रेंट म्हणाला, "ग्लेन म्हणतोय म्हणजे झालं." ग्लेनला तो जेमतेम पंधरा मिनिटं ओळखत होता. माझी फाइल ओट्यावर न उघडता तशीच पडली होती.

परतताना गाडीत मी ग्लेनला म्हणालो की याला व्हाइट प्रिव्हिलेज म्हणतात. युनीत मी समाजशास्त्राचा एक विषय आवड म्हणून घेतला होता, तिथून हा शब्द मला नुकताच मिळाला होता.

"प्रिव्हिलेज?" ग्लेन हसून हसून खोकायला लागला. "माझे दात बघितलेस का?"

"दात वेगळे. तुला कुणी आडनाव विचारत नाही. बॅग उघडायला लावत नाही. तुला त्याचा विचारच करावा लागत नाही, हाच प्रिव्हिलेज."

त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "असेल," म्हणाला. "मी कधी विचार केला नव्हता." मला इतका विजयी आनंद झाला की जणू ते वाक्य मीच त्याच्याकडून लिहून घेतलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी माझ्या मुलीला, ईराला, सांगितलेली आहे. आम्ही आता ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो, मी पन्नाशीला टेकलोय, गुडघे कुरकुरतात, आणि तळ्याभोवती चालताना भेटणाऱ्या प्रत्येकाला मी न विचारता सल्ला देतो. ईरा नववीत आहे. तिला शाळेत याच विषयावर निबंध लिहायचा होता. "बाबा, डिड यू एव्हर एक्स्पीरियन्स इट?" तिने विचारलं, आणि मी खुर्ची मागे टेकवून ब्रेंट, फाइल, कार्पेट क्लीनिंग असं सगळं रंगवून सांगितलं. तिचे डोळे भरून आले. निबंधाला चांगले मार्क पडले आणि मी दोन दिवस घरात जरा ताठ चाललो. उरलेली गोष्ट तिला सांगितली नाही. ती इथे लिहितोय, म्हणजे मराठी वाचायला शिकण्याइतकी तिला माझ्याबद्दल उत्सुकता वाटली तर तिला सापडेल.

नव्या घरात आम्ही राहायला गेलो. सकाळी तारेवर काकाकुवे बसून लग्नघरातल्यासारखा गोंधळ घालायचे, मागून ट्रेन जायची, आणि स्वयंपाकघर इतकं मोठं होतं की प्रसादने पहिल्या दिवशी तिथे सूर्यनमस्कार घातले. मी मात्र समाजसुधारक झालो होतो. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी प्रसादला गोऱ्यांच्या मनातल्या अदृश्य चौकटी समजावून सांगायचो. तो म्हणायचा, "बरोबर आहे. कढईचा तळ राहिलाय." तिसरी खोली रिकामी होती. तिच्यासाठी माणूस हवा म्हणून मी एक कागद लिहिला आणि पेंडल हिलच्या किराणा दुकानात, ढोकळ्याच्या फ्रीजरशेजारच्या फळ्यावर लावला. माझं अक्षर सुंदर आहे. तीन ओळी होत्या. रूम देणे आहे. स्टेशनजवळ. मराठी, शाकाहारी, चांगल्या घरातला मुलगा हवा.

पुढच्या शनिवारी दुपारी एकजण आला. प्रसाद शिफ्टला गेला होता. ग्लेन त्याच्या आजीचं जुनं वॉशिंग मशीन आमच्यासाठी घेऊन आला होता आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून त्याची नळी जोडत होता. आलेला मुलगा सडपातळ, चष्मा, नीट बसवलेले केस. मिलिंद. नागपूरचा. आमच्याच युनीत स्टॅटिस्टिक्स करत होता, स्कॉलरशिपवर. मी माझ्या वडिलांच्या पैशावर शिकत होतो. रविवारी पेंडल हिलच्या त्या दुकानातच काम करायचा, तिथेच त्याने कागद वाचला होता. खोली बघून झाल्यावर तो हसून म्हणाला, "मराठी आहे. शाकाहारी नाही, पण बाहेर खाईन. तिसऱ्या अटीचं तुम्ही ठरवा."

मीही हसलो. मला तो आवडला होता हे लिहिलं पाहिजे. बोलणं साफ, मराठी सुरेख. मी चहा टाकला आणि दूध उकळायची वाट बघता बघता, अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "मिलिंद काय?"

"म्हणजे?"

"पूर्ण नाव."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मिलिंद रामटेके."

हे आडनाव दलितांमधलं आहे हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात जात पाळत नाही असंच सगळे म्हणायचे, मीही म्हणायचो. पण ऐकताक्षणी माझ्या आत कुठेतरी एक कागद चाळला गेला, याची मला आजही लाज वाटते. आणि तोंडातून आलं, "अच्छा. छान. अजून दोघंजण बघायला येणार आहेत, मग कळवतो." कोणीही येणार नव्हतं. मिलिंदने मान हलवली, चहा पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेला.

ग्लेनने मशीनमागून डोकं वर काढलं. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. "हा येणार का राहायला? बरा वाटला."

"बघू," मी म्हणालो.

"अजून कोण येतंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ग्लेनशी बोलताना मी नेहमी शिकवण्याच्या भूमिकेत असायचो आणि ती सवय नडली. मी इंग्रजीत समजावू लागलो. म्हणालो, आमच्याकडे आडनावावरून काही गोष्टी कळतात.

"काय कळतात? जेलमध्ये होता?"

"नाही रे."

"तुझ्याच गावचा नाही?"

"आमच्याच राज्यातला आहे. माझीच भाषा बोलतो."

"अभ्यासात कच्चा?"

"माझ्यापेक्षा हुशार आहे."

"मग झालं काय?"

मी म्हणालो, ते वेगळं आहे, ती हजारो वर्षांची गोष्ट आहे, माझा त्यावर विश्वास नाही, पण घरचे, म्हणजे आई कधी राहायला आली तर, आणि स्वयंपाकघर एकच, आणि तसं बघितलं तर... वाक्य पुढे जाईना. मराठीत हे सगळं न बोलताच चालून जातं, इंग्रजीत प्रत्येक शब्द उघड्यावर ठेवावा लागत होता आणि एकही उभा राहत नव्हता.

ग्लेनने फडक्याला हात पुसले. "त्याचं आडनाव ऐकलंस आणि रूम गेली म्हणालास."

"गेली नाही म्हणालो. कळवतो म्हणालो."

"मग तू ब्रेंटच झालास की, मेट," तो म्हणाला. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. मशीन चालू होतंय का बघायला त्याने बटण दाबलं आणि ते धडधडायला लागलं.

मी चिडलो. तुला आमचं कल्चर कळणार नाही, असं ग्लेनला ऐकवलं. तो "फेअर इनफ" म्हणून गेला. संध्याकाळी प्रसाद आला, त्यालाही सगळं सांगितलं, आपली बाजू जरा उजळ करून. प्रसाद म्हणाला, "म्हणजे माणूस आला होता, बरा होता, कप विसळून गेला, आणि तू त्याला घालवलास?" मग म्हणाला, "मला विचारायचंस तरी." आणि खिचडी न टाकता खोलीत गेला. प्रसाद उपाशी झोपायला गेलेला मी पहिल्यांदा बघितला.

रविवारी पेंडल हिलच्या दुकानात गेलो तेव्हा मिलिंद तूरडाळीच्या पिशव्या फळीवर लावत होता. मी वाटभर मोठं भाषण तयार केलं होतं, त्यात रचना, संस्कार, अंतर्मन असे शब्द होते. ते सुरू करून दुसऱ्या वाक्यावर आलो तेव्हा त्याने हात वर केला.

"ते दोघं आले का बघायला?"

"कुणी येणार नव्हतं."

"माहितीये." त्याने एक पिशवी सरळ केली. "श्रीरंग, तू काल चहा टाकलास तेव्हाच मला कळलं होतं तू काय विचारणार. मला वाटलं होतं, एवढ्या लांब येऊन तरी जरा वेळ लागेल. तुला दूध उकळेपर्यंतही धीर नाही."

मी सॉरी म्हणालो.

"ते तुझं तू बघ. मला सध्या पाचजणांत एक बाथरूम आहे आणि परीक्षा जवळ आलीये. रूम अजून आहे का?"

"आहे."

"मग दोन गोष्टी. रविवारी मी घरात मटण करणार. आणि तो फळ्यावरचा कागद तू आत्ता माझ्यासमोर काढायचास." मी काढला. टाचणी बोटात घुसली, हे मी तेव्हा सहानुभूतीसाठी सांगितलं होतं. त्याने दुर्लक्ष केलं.

मिलिंद आमच्याकडे अडीच वर्षं राहिला. आता मेलबर्नला असतो, युनीत शिकवतो, आमची मुलं एकमेकांना ओळखतात. लोकांना मी तो माझा जिवलग मित्र आहे असं सांगतो. तो सांगतो, मी त्याचा जुना हाउसमेट आहे. इथे थांबलो तर मी बरा माणूस दिसेन, म्हणून त्या पहिल्या रविवारचंही सांगून टाकतो.

मिलिंदने नागपूरचं काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं. घरभर खसखस, खोबरं, लवंगेचा असा वास की ग्लेन फाटकातूनच "ओह मेट!" करत आला. प्रसाद ताट घेऊन गॅसजवळून हलत नव्हता. माझ्यासाठी वांग्याची भाजी होती, ती मिलिंदने वेगळ्या कढईत केली होती, मी न सांगता. मी पोळ्या लाटत होतो, हात पिठाचे, आणि तेवढ्यात आईचा फोन आला. प्रसादने तो स्पीकरवर टाकला. नवीन घर कसं आहे, ऊन येतं का, असं विचारून झाल्यावर आई म्हणाली, "आणि तो तिसरा मुलगा आला का?"

"आला. मिलिंद. नागपूरचा."

"हो, पण मिलिंद कोण?"

"खूप हुशार आहे गं. स्कॉलरशिपवर आलाय."

"ते कळलं रे. आडनाव काय?"

गेला महिनाभर मी प्रिव्हिलेजवर बोलत होतो, गोडाउनमध्ये, ट्रेनमध्ये, भांडी घासताना. आता मी पोळी लाटत राहिलो. ती इतकी पातळ झाली की खालचा पोळपाट दिसायला लागला. प्रसाद माझ्याकडे बघत होता. मिलिंदने गॅस बारीक केला, हात पुसले आणि फोनजवळ आला.

"नमस्कार काकू. मी मिलिंद रामटेके."

 कोथरूडच्या घरातला पंखा ऐकू येत होता, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "बरं... बरं. जपून राहा हं सगळे," आणि फोन बंद झाला.

"रेंज गेली वाटतं," मी म्हणालो.

मिलिंद पुन्हा गॅसकडे वळला, झाकण काढून त्याने रस्सा चमच्याने चाखला. "हो," म्हणाला, "माझं नाव सांगितलं की जाते बऱ्याचदा."